ओल्या लाकडाचा पहिला हिवाळा

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधलं हे जुनं घर घेतलं ते दिवाणखान्यातल्या विटांच्या फायरप्लेसवर जीव जडला म्हणून. ऑक्टोबरात एक कॉर्ड लाकूड मागवलं. कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली रास, 128 घनफूट. विकणारा म्हणाला, वाळलेलं आहे. मी विश्वास ठेवला.

लाकूड पेटेचना, नुसतं धुमसायचं. कापलेल्या टोकांतून पाण्याचे बुडबुडे यायचे, सूंऽऽ आवाज व्हायचा. कधी जाळ झालाच तर तोंडाला धग आणि पाठ गार. आतल्या खोल्या तर आणखीच थंड पडायच्या, कारण उघडी आग घरातली तापलेली हवाच ओढून धुराड्यातून बाहेर घालवते.

जानेवारीत धुराडं साफ करायला माणूस बोलावला. त्याने बॅटरी मारून दाखवलं, आत डांबरासारखा काळा चकचकीत थर बसला होता. क्रिओसोट! ओल्या लाकडाचा धूर गार धुराड्यात थिजून तो साचतो, आणि पेटला की धुराडंच आतून जळतं. वरच्या खोलीत मुलं झोपतात. त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

साताऱ्याकडे आमची आजी मिरगाच्या आधी सगळं सरपण पडवीत रचून घ्यायची. चुलीत ओलं फाटं कुणी घातलं की रागवायची. ते सगळं मला तेव्हा आठवलं.

मग विटांच्या पोकळीत काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवून घेतली, इथे तिला इन्सर्ट म्हणतात. तिच्यापासून धुराड्याच्या टोकापर्यंत स्टीलचा पाइप टाकला. खर्च बराच झाला, पण तो मला पटतो. लाकूड मात्र आदल्या वसंतातच घेते, मेपल आणि ॲश. ओकला वाळायला दोन उन्हाळे लागतात. ताडपत्री फक्त वरून. बाजू उघड्या, वारं खेळायला हवं. ढलपी नव्याने फोडून आतल्या बाजूला ओलावा मोजायच्या यंत्राच्या सुया टोचायच्या. आकडा 20 टक्क्यांच्या खाली हवा. कानालाही कळतं: वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टण्ण वाजतात, ओल्या थप्प.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घरापासून लांब ठेवते. वरून गार दिसली तरी आत निखारे कित्येक दिवस जिवंत असतात.

गेल्या हिमवादळात रात्रभर वीज नव्हती. पहाटे उठून राख सारली, खाली लाल निखारे होते. दोन ढलप्या ठेवल्या, दार बोटभर उघडं ठेवलं. मिनिटभरात जाळ धरला, आणि मुलं पांघरुणं ओढत खाली आली.