आधी तेल, मग पाना : ठाण्यातल्या आमच्या गॅरेजची वाटचाल

वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा कोर्स करून मी बाहेर पडलो, तेव्हा किसननगरच्या गल्लीत मामांचं पंक्चरचं दुकान होतं. त्यातलीच अर्धी जागा त्यांनी मला दिली. दुचाकींची चेन-स्प्रॉकेट, ब्रेक-शू, कार्बोरेटर साफ करणं अशी कामं यायची. इंजिनाचं काम कोणी नवख्या पोराकडे देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

२६ जुलै २००५ ला चित्र बदललं. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि ठाण्यातही बुडालेल्या गाड्या दोरीनं ओढत गॅरेजांपर्यंत आल्या. ड्रेन नट सोडला की पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं झालेलं तेल खाली यायचं. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढल्याशिवाय मामा कोणाला किकला पाय लावू द्यायचे नाहीत. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी निघालेलं तेल बघायचं, मग पाना हातात घ्यायचा, ही आमची शिस्त तेव्हापासूनची.

पुढे आमच्याकडे एक ठरावीक तक्रार वाढत गेली : ‘तेल बदललं आणि इंजिन गेलं.’ आज आमची ओळख याच कामामुळे आहे.

घोडबंदर रोडला डिलिव्हरी करणारा एक मुलगा टेम्पोत टाकून गाडी घेऊन आला. आदल्या दिवशी दुसरीकडे तेल आणि फिल्टर बदललेला. सकाळी मानपाड्याच्या पुढे इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक सुरू झाली, तशी त्यानं गाडी लगेच बंद केली. “दादा, फुल इंजिन सांगितलंय,” म्हणाला, म्हणजे अख्खं इंजिन खोलून करायचं काम, आणि बाकावर बसून राहिला. गाडी हप्त्यावर होती.

आम्ही किक मारली नाही. प्लग काढून मॅग्नेटच्या नटावर पाना लावून क्रँक हातानं फिरवला. फिरला, म्हणजे जाम नव्हता. तेल मापात काढलं, ते पुरेपूर भरलं. म्हणजे तेल होतं, पण वर जात नव्हतं. इंजिनाच्या माथ्यावरचं टॅपेटचं झाकण उघडलं तर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कोरडे आणि त्यांना हलवणाऱ्या कॅमच्या टोकावर ओरखडे. आता तेल अडकायच्या जागा मोजक्याच उरतात : जाळी, पंप, फिल्टर. जाळी साफ होती. फिल्टरचं झाकण काढलं आणि मामांनी मुलालाच जवळ बोलावलं. फिल्टरच्या ज्या बाजूवर ‘आउट साइड’ छापलेलं असतं, ती आत होती. त्या मॉडेलमध्ये फिल्टर उलटा बसला की तेलाची वाटच बंद होते. नवा फिल्टर सरळ बसवून, प्लग बाहेर ठेवून क्रँक फिरवत राहिलो आणि रॉकरवर तेल आलं. बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला, प्ले (ढिलेपणा) नव्हता. कॅम आणि रॉकरवर भागलं, पिस्टन-ब्लॉकला हात लावावा लागला नाही. आवाज आल्यावर तो तसाच घरापर्यंत गेला असता, तर फुल इंजिन खरं ठरलं असतं.

पण तेल बदललं म्हणूनच इंजिन गेलं, असं दर वेळी नसतं, आणि हे मी ठासून सांगतो. तीच तक्रार घेऊन एक काका कळव्याहून आले, तेल बदलणाऱ्या पोराशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालेलं. किक मारून पाहिली तर एकदम हलकी, म्हणजे कॉम्प्रेशनच नाही, सिलिंडरमध्ये हवा दाबलीच जात नाही. टायमिंग चेन तुटून व्हॉल्व्ह वाकले होते. चेन घासून घासून पातळ झालेली, तेल स्वच्छ, माप बरोबर. त्या पोराचा काहीच दोष नव्हता आणि आम्ही काकांना तसं स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या मेकॅनिकच्या नावानं खडे फोडून गिऱ्हाईक जोडणं आम्हाला मान्य नाही.

काही वेळा बिघाड इंजिनाचा नसतोच. ‘पिकअप गेला’ म्हणून येणाऱ्या गाडीत कारचं तेल निघतं. बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे घर्षण कमी करणारी रसायनं असलेल्या तेलात तो घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ (अशा क्लचला चालणाऱ्या बाइकच्या तेलाची जपानी मानकाची खूण) बघून घ्यायचं ते याचसाठी. पॅकिंगला सिलिकॉन थापलेलं असेल तर त्याचे तुकडे सुटून पंपाची जाळी बुजवतात. ड्रेन नट अंगातल्या जोरानं आवळला की ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि तेल रस्त्यावर सांडत जातं.

भारत स्टेज सहाच्या (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्या आल्यावर बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला, जागा मोठी केली, माझा धाकटा भाऊ हिशेबाला बसला. पद्धत मात्र आमची आम्हीच बसवली. तेलाचा ग्रेड, माप आणि फिल्टर जॉब कार्डावर लिहिला जातो. काढलेलं तेल गाडीच्या नंबरासह बाटलीत राहतं. त्यावर चुंबक फिरवतो : चिकटला तो चुरा पोलादाचा, न चिकटता चमकला तो बहुधा ॲल्युमिनियमचा. जुने पार्ट ट्रेमध्ये मालकाच्या हाती जातात. जळकं तेल घातक कचऱ्यात मोडतं, ते परवाना असलेल्या रिसायकलरलाच देतो.

आता आयटीआयची पोरं आमच्याकडे शिकायला येतात. गाडी आली की आधी किक बघायची : बसतच नाही, हलकी बसते, की नेहमीसारखी. पण तेल बदलल्यावर वरून आवाज येत असेल, तर किकही नाही आणि बटणही नाही. गाडी जिथं असेल तिथून टेम्पोत आणायची, टेम्पोची सोय आम्ही करतो.