रंग उडायलाच हवा का?

यीवूमधल्या निर्यातीच्या ऑफिसांत काम करणाऱ्या मुलामुलींना मी इंग्रजी शिकवते. झेजियांग प्रांतातलं हे शहर म्हणजे किरकोळ मालाची अफाट घाऊक पेठ. आपल्याकडचे व्यापारीही इथे ठाण मांडून असतात.

त्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधीच एक मुलगी फोन पुढे करत आली. "लाओशी, हा माणूस माझी थट्टा करतोय का?" लाओशी म्हणजे बाई, शिक्षिका.

छत्रीचं कापड उन्हात विटतं, असा टेस्ट रिपोर्ट आला होता. तिने मुंबईच्या गिऱ्हाइकाला कळवलं, 'टेस्ट रिपोर्ट सजेस्ट्स दॅट द कलर शुड फेड.' त्याचं उत्तर, 'उडायलाच हवा का? मला टिकणारा रंग हवा होता.'

वाक्य बिनचूक असल्याची तिला खात्री होती. काओखाव, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा, बहुतेक प्रांतांत ७५० मार्कांची. त्यात १५० इंग्रजीचे. 'सजेस्ट' दिसलं की पुढे 'शुड', नाहीतर 'शुड' गाळून नुसतं क्रियापद, हे तिथे इतकं घोटून घेतात की झोपेतून उठवलं तरी पोरं म्हणून दाखवतील. चिनी क्रियापद काळ-पुरुषाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे 'ही सजेस्टेड दॅट शी गो' त्यांना खटकतही नाही. आपल्या पोरांचा हात मात्र 'गोज'कडे वळतो. 'सजेस्टेड मी टू गो' असं चुकीचं लिहिण्यात दोघंही सारखेच पटाईत! ते 'जिएन-यी नी छ्यू' म्हणतात, आपण 'तुला जायला सुचवतो'.

पण तो नियम सल्ल्यापुरता. रिपोर्ट काही सल्ला देत नव्हता, त्यावरून रंगाचं कळत होतं. मी तिला वाक्य आधी चिनीत म्हणायला लावलं. "जिएन-यी" म्हणता म्हणता ती थबकली. "नाही, इथे ब्याओमिंग!" दाखवून देणं. चिनीत दोन कामांना दोन क्रियापदं, इंग्रजीत एकावरच भागवलेलं. 'शुड' काढलं, 'फेड'ला एस लावला, झालं.

"टेस्टमध्ये सिद्धच झालंय, तर सरळ 'शोज' लिही ना," मी म्हटलं.

"फार रोखठोक होतं, लाओशी. गिऱ्हाईक पळेल."

व्याकरणाच्या पुस्तकात न मिळणारं हे शहाणपण तिच्याकडे होतं. 'सजेस्ट्स' तसंच ठेवून तिने मेल पाठवली. वर्ग संपायच्या आत मुंबईहून उत्तर आलं, 'आता कळलं. भाव किती कमी करताय?'