चाकूचं वर्कशॉप मांडताना केलेला उलटा हिशेब

वाळूजला एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, नऊ वर्षं काढली आणि यंदा पाडव्याला गेवराईजवळ आमच्या गावात, रस्त्याच्या कडेला, वीस बाय पंधराचं पत्र्याचं शेड टाकलं. सुऱ्या, सत्तूर आणि ऊसतोडीचे कोयते करायचे, विकायचे. लोहारकी आजोबांपासूनची, पण घण मारलेला माणूस घरात आता एकच, माझे चुलते. नानांनी शेड बघितलं आणि म्हणाले, "उजेड लई ठेवलास रे. लोखंडाचा रंग कसा दिसायचा?" मी हसून सोडून दिलं. माझ्या डोक्यात ग्राइंडर फिरत होता.

हाताशी पावणेदोन लाख होते. त्यातले निम्मे एकट्या बेल्ट ग्राइंडरनं, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर पातं घासायच्या यंत्रानं, खाल्ले. 50 मिमी रुंद, 1830 मिमी लांब पट्टा, दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर आणि वेग कमीजास्त करायला ड्राइव्ह. शेडला लाईट सिंगल फेज, पण ड्राइव्ह सिंगल फेज घेऊन थ्री फेज देतो, म्हणून निर्धास्त होतो. चालू केलं, झकास फिरलं. पातं टेकवलं की मोटर बसली! नुसती घूंऽ करायची. चार दिवस पट्ट्याचा ताण बघ, बेअरिंग बघ, वायरी उपस. शेवटी मोटर बीडला एका रिवाइंडिंगवाल्याकडं नेली. त्यानं नेमप्लेट वाचली आणि माझ्याकडं बघितलं. मोटरची आतली गुंडाळी स्टारमध्ये, म्हणजे 415 व्होल्टला चालेल अशी जोडलेली, ड्राइव्हमधून निघतात 230. "भाऊ, बैलाला अर्धपोटी ठेवून नांगर ओढायला लावताय." त्यानं आतला स्टार सोडून सहा वायरी बाहेर काढल्या, डेल्टा, म्हणजे 230 ला पुरा जोर देणारी जोडणी, करून दिली. तेव्हापासून कितीही रेटा, पट्टा थांबत नाही. टूलरूमवाल्याला हे कळू नये याची लाज वाटली, पण कंपनीत नेमप्लेट वाचायला मेंटेनन्सवाले होते. नवीन मोटर घेताना दुकानातच 230 व्होल्ट डेल्टा आहे का ते विचारा.

ऐरणीसाठी जो तो सांगतो, रुळाचा तुकडा आण. रेल्वेचा माल कागदाशिवाय जवळ सापडला तर 1966 चा वेगळा कायदाच आहे, आणि आपण भंगारात घेतला हे सिद्ध आपल्यालाच करावं लागतं. मी नानांची जुनी ऐरण घेतली, बाभळीच्या नव्या ओंडक्यात बसवली. सांडशी, घण, भाता हेही त्यांचंच. भात्याला फक्त ब्लोअर लावला.

पोलादाचं म्हणाल तर जालना एवढं जवळ, मग काय कमी, असं मलाही वाटायचं. पण तिथं बनते ती बांधकामाची सळई. तिच्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. तापवा, बुडवा, काहीही करा, धार टिकत नाही. त्यापेक्षा धुळे-सोलापूर हायवेच्या गॅरेजमधून ट्रकचा कमानपाटा आणा, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. फक्त तुटलेला पाटा घेऊ नका, उरलेल्या भागातही बारीक चिरा असतात.

आता खरं दुखणं. पहिली चौदा पाती मी भर दुपारी, उघड्या शेडमध्ये, अंदाजानं तापवली आणि कडक व्हावीत म्हणून पाण्यात बुडवली. टिण्! हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला कळेल. पाच पाती तडकली, तीन पिळवटली. नाना बाजेवर बसून बघत होते. "अख्खं पातं पाण्यात घालतोस व्हय? आम्ही कोयत्याची नुसती धार पाण्याला दाखवायचो. आन् ही काय वेळ झाली का?"

दुसऱ्या दिवशी खिडक्यांना बारदान लावलं. दिवस मावळायची वाट बघितली. बिघडलेल्या स्पीकरचा चुंबक तारेला बांधला. पोलाद साधारण 770 अंशांना चुंबकाला ओळख द्यायचं बंद करतं. तिथून थोडं पुढं न्यायचं, पळसाच्या फुलासारखं दिसेपर्यंत. अंधारात हा रंग पात्यावर टोकाकडून मुठीकडं सरकताना दिसतो; उन्हात तो नसतोच. मग कोमट केलेल्या सोयाबीन तेलात सरळ उभं बुडवायचं. भस्सकन जाळ येतो, म्हणून पत्र्याचं झाकण हाताशी. (आई म्हणाली, "भज्याला तेल मागितलं की महाग झालंय म्हणतोस.") थंड झाल्यावर कानस लावली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. अशा तेलात बुडवलेल्या पहिल्या सहा पात्यांपैकी एकही तडकलं नाही.

पण एवढं कडक पातं पडलं तर फुटतं. तो कडकपणा थोडा उतरवायला बायकोनं केकसाठी घेतलेला ओव्हन उचलला. 200 अंशांवर दोन तास, थंड करून परत दोन तास. आतला काटा पंधरा अंश खोटं बोलतो, म्हणून साडेतीनशे रुपयांचं थर्मामीटर घेतलं. अख्ख्या शेडमधली सगळ्यात कामाची खरेदी ती! घासून चकचकीत केलेल्या जागी वाळल्या कडब्याचा रंग आला की सुरी झाली. कोयता त्याच्या पुढं तांबूस होईपर्यंत नेतो, कारण तो उसाच्या बुडख्यावर आपटणार असतो.

कोयता हा आमच्याकडं नुसतं हत्यार नाही, हिशेबाचं माप आहे. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. अशा माणसाच्या हातात तडकणारं पातं द्यायचं नाही, एवढं पक्कं ठरवलंय. लोक विचारतात, पोलिसांचं काय? 2016 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. मी बिलावर "शेती अवजार" लिहितो आणि तलवारीची ऑर्डर आली की हात जोडतो. दोन आल्या, दोन्ही लग्नाच्या फोटोसाठी.

खंडेनवमीला नानांनी ऐरणीला हळदकुंकू लावलं, मग घणाला. ग्राइंडरपाशी क्षणभर थांबले आणि त्यालाही लावलं. बायको उठली, ओव्हनला कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता दिवाळीला दुसरा आणा."