व्हीलचेअर घेऊन मनालीच्या बर्फात: अर्जुनी मोरगावहून आखलेली सहल

हॉटेलवाल्याला ‘व्हीलचेअर आत जाते का?’ असं विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं: ‘हाँ जी, हो जाएगा.’ तो खोटं बोलत नसतो. चार पोरं खुर्ची उचलून आत नेतील, असं त्याच्या डोळ्यांसमोर असतं. त्यामुळे विचारायचं ते इंचांत. बाथरूमचा दरवाजा पूर्ण उघडा, एका बाजूच्या चौकटीपासून दुसऱ्या बाजूला उघड्या पल्ल्यापर्यंत टेप लावा, आणि आकडा दिसेल असा फोटो पाठवा.

आमच्या खुर्चीची बसायची जागा १८ इंच आहे, पण हाताने फिरवायच्या कड्यांसकट बाहेरची रुंदी २५ इंच भरते. दरवाज्यातून ही २५ जावी लागते. हात टेकायचे दांडे काढून काही फायदा नाही, कारण सगळ्यात रुंद भाग कड्यांचा. ‘२६ इंची दरवाजा’ म्हणून सांगितलेला पल्ला उघडल्यावर साडेचोवीसच उरतो, कारण पल्ल्याची जाडी चौकटीतच राहते. मी सात हॉटेलांना फोटो मागितले. तिघांनी पाठवले, त्यातल्या एकाच्याच बाथरूममध्ये खुर्ची जाणार होती.

आम्ही पाच जण, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावचे. धाकट्या भावाला मणक्याच्या दुखापतीमुळे कमरेखाली संवेदना नाही. मायला गुडघ्यांमुळे चार पायऱ्यांच्या वर चढणं होत नाही. शिवाय वहिनी, दहा वर्षांचा पुतण्या आणि मी. खालची तयारी याच घराच्या गरजेची आहे. तुमच्या घरच्या माणसाची गरज वेगळी असेल तर आकडे बदलतील, प्रश्न बहुतेक तेच राहतील.

दरवाज्याखेरीज आणखी काही गोष्टी व्हिडिओ कॉलवर पाहून घेतल्या. डोंगरात इमारती उतारावर असतात. ‘लिफ्ट आहे’ हे खरं असतं, पण रस्त्यापासून लिफ्टपर्यंत सात-आठ पायऱ्या असतात. म्हणून गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत फोन हातात धरून चालत जायला सांगायचं. लिफ्टच्या आतली खोली मोजून घ्यायची. पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट खुर्ची सुमारे ४२ इंच लांब असते, पट्ट्या काढल्या तर आठ-दहा इंच कमी लागतात. पलंगाची उंची विचारायची. उशीसकट खुर्ची २० ते २१ इंचांवर येते. जाड गादीचा पलंग २४ इंच असला तर उतरणं सोपं, पण चढणं अवघड. बर्फ पडला की वीज जाते, म्हणून जनरेटरवर खोलीतला हीटर चालतो की फक्त दिवे, हेही विचारायचं.

एवढं करूनही बाथरूम अरुंदच निघालं तर? म्हणून आम्ही घडीची कमोड खुर्ची सोबत नेली. ती खोलीतच पलंगाला लावून ठेवता येते. पुन्हा असा प्रवास करायचा झाला तर सगळ्यात आधी तीच बांधीन. ती सोबत असली की हॉटेलांचे पर्याय वाढतात.

आता तारखा. आमच्याकडे दिवाळीनंतर धान कापणी, मग चुरणी (मळणी), मग विक्री. डिसेंबर संपेपर्यंत घर मोकळं होत नाही. बर्फही मनाली गावात बहुधा जानेवारी-फेब्रुवारीतच मिळतो. डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत उत्तर भारतात दाट धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. म्हणून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरला. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला, ऐन चुरणीच्या धामधुमीत, तिकीट काढावं लागतं. कागदपत्रं त्याच्या कितीतरी आधी तयार हवीत.

कागदपत्रांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र). दुसरं म्हणजे रेल्वेचं स्वतःचं दिव्यांगजन ओळखपत्र. त्यासाठी रेल्वेच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि सोबत रेल्वेच्याच नमुन्यात सरकारी डॉक्टरांनी भरलेला सवलतीचा दाखला जोडावा लागतो. सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही, हे त्या दाखल्यावर स्पष्ट हवं. शिक्का पुसट असला, किंवा दाखल्यावरचं नाव आधारशी जुळत नसलं, तर अर्ज परत येतो. आमचा एकदा परत आला, तो नावातल्या एका अक्षरामुळे. दिवाळीच्या आधीच अर्ज टाकावा. गोंदिया दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतं, त्यामुळे अर्ज त्या विभागाकडे जातो. हे कार्ड असलं की स्लीपर आणि थ्री एसीत भाड्यात ७५ टक्के सवलत, टू एसीत ५० टक्के, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. दिव्यांग कोट्यातून खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते, हा पैशांपेक्षा मोठा फायदा.

गाडी निवडताना आम्ही वेगाकडे पाहिलं नाही, चढउतार किती वेळा आहे ते पाहिलं. दिल्लीला पोचवणाऱ्या वेगवान गाड्या नागपूरहून आहेत. पण मग दिल्लीत उतरा, स्टेशन बदला, पुन्हा चढा. छत्तीसगड एक्स्प्रेस हळू आहे, मात्र ती गोंदियाहून थेट अंबाल्याला नेते. मधे एकदाही माणूस उचलावा लागत नाही. प्रत्येक उचलण्यात पडायचा, खरचटायचा धोका असतो, आणि संवेदना नसलेल्या पायावरचं खरचटणं रात्रीपर्यंत कळत नाही. लहान स्टेशनवर दोन मिनिटांच्या थांब्यात व्हीलचेअरवाला माणूस चढवायला जाऊ नये. जंक्शन गाठावं. गाडीच्या टोकाला असलेल्या दिव्यांग डब्याचा दरवाजा रुंद असतो आणि संडासात दांडे असतात. पण त्यात एसी नसतो आणि उत्तरेतली रात्र गार असते. भावाला कॅथेटर (लघवीची नळी) असल्याने संडासाची गरज कमी, म्हणून आम्ही थ्री एसी घेतला. तिथे दोघांनी उचलून बर्थवर ठेवावं लागतं: एकाने मागून काखेतून हात घालून त्याचीच मनगटं धरायची, दुसऱ्याने गुडघ्यांखाली.

शौचाचा दिवस धरून तारीख ठरवावी. मणक्याच्या दुखापतीत पोट दिवसाआड, ठरल्या वेळेला साफ करायची सवय असते. तो दिवस प्रवासात आला तर सगळं बिघडतं. आम्ही तो निघायच्या सकाळी आणि मग अंबाल्याच्या मुक्कामी येईल असा बसवला. प्रवासात पाणी कमी पिणं ही मात्र घोडचूक. लघवीची कटकट नको म्हणून लोक तसं करतात आणि तिसऱ्या दिवशी ताप येतो. रात्रीसाठी मोठी पिशवी लावावी, पाणी पीत राहावं. थंडीत लघवीचं प्रमाण एरवीही वाढतं.

अंबाल्याला गाडी रात्री-अपरात्री पोचू शकते, म्हणून स्टेशनजवळ एक रात्र राखून ठेवली. तिथून मनाली साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, डोंगराचा रस्ता. एका दिवसात होतं, पण भावाला सलग बसवू नये, म्हणून मंडीला मुक्काम केला. गाडी ठरवताना सीटची उंची विचारा. इनोव्हासारख्या उंच गाडीत आराम आहे, पण खुर्चीतून सीटवर जाणं चढण होते. एर्टिगाची सीट त्यामानाने खाली आहे. पुढची सीट पूर्ण मागे सरकवायची आणि सरकपट्टी, म्हणजे खुर्चीवरून सीटवर सरकायची फळी, लावायची. ती आमच्या गावच्या सुताराने १८ मिलिमीटरच्या प्लायची बनवली: २८ इंच लांब, ९ इंच रुंद, कडा गोल, वरून पॉलिश. पट्टीवर सरकताना पँटच्या मागच्या खिशात मोबाइल, किल्ली काही नको. त्यावर बसून राहिलं तर जखम होते. बसायची उशी गाडीतही अंगाखाली हवी, आणि दर अर्ध्या तासाने दोन्ही हातांवर अंग उचलून मिनिटभर दाब मोकळा करायचा. जेलची उशी थंडीत कडक होते, म्हणून ती रात्री खोलीत ठेवावी, डिकीत नाही.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. मॉल रोडवर वाहनं नाहीत आणि खुर्ची तिथे सहज फिरते. हिडिंबा मंदिराला पायऱ्या आहेत, वशिष्ठला चढ आहे. दोन्ही ठिकाणी मायसाठी वर पोचायचा हट्ट धरला नाही. बर्फासाठी मनालीजवळचं सोलंग, किंवा अटल बोगद्यातून पलीकडे लाहौल खोऱ्यातलं सिस्सू गाव. हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे आणि हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद असतानाही लाहौलात गाडीने जाता येतं. चालू न शकणाऱ्यांसाठी ही मोठी सोय: गाडीतून उतरायचं, समोर बर्फ. पण सिस्सू ३,१०० मीटरच्या आसपास आहे. मनालीत एक दिवस पूर्ण विश्रांती, मग तिथे तास-दीड तास, एवढंच. डोकं दुखलं, मळमळलं की लगेच खाली. लाहौलात या दिवसांत हालडासारखे सण असतात आणि गावं कधी पर्यटन बंद ठेवतात, म्हणून आदल्या दिवशी टॅक्सीवाल्याला विचारून घ्यावं. ताजा बर्फ पडल्यावर पोलीस फक्त फोर बाय फोर गाड्या पुढे सोडतात. त्या उंच असतात, तेव्हा सरकपट्टी चालत नाही, दोघांना उचलावंच लागतं.

बर्फात खुर्ची पुढे ढकलू नका. पुढची छोटी चाकं रुततात आणि बसलेला माणूस तोंडावर जातो. खुर्ची मागे कलती करून मोठ्या दोन चाकांवर घ्या आणि उलटी ओढा. मागून एक, समोरून तोल धरायला एक. मऊ बर्फात आम्ही प्लायच्या दोन फळ्या आळीपाळीने पुढे टाकत गेलो; वीस-पंचवीस फूट जाण्याइतकं जमतं, आणि तेवढं पुरतं. गोठलेल्या काचेसारख्या बर्फावर मात्र खुर्ची नेऊच नये. रोज सकाळी टायरची हवा दाबून पाहा. या खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. हवा कमी तर ब्रेक धरत नाही, आणि उतारावर ते कळायला फार उशीर होतो. छोटा सायकल पंप सोबत हवा.

थंडीचं सगळ्यात मोठं संकट बर्फात नसतं, खोलीत असतं. संवेदना नसलेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी, हीटर, शेकोटी यांपैकी काहीही जवळ नको. चटका बसतो, कातडी जळते आणि माणसाला पत्ता नसतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत तर कुणासाठीच नको; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उब कपड्यांनी द्यायची: दोन सैल मोजे, एक नंबर मोठे बूट, अंगाला लागून थर्मल. भाड्याचे गमबूट ओलसर आणि घट्ट असतात, भावाला ते घातले नाहीत. स्वेटर, टोपरी, लोकरीचे हातमोजे गोठणगावच्या तिबेटी मंडळींकडून घेतले. थंडीत काय टिकतं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. खुर्चीची धातूची कडी हात गारठवतात, म्हणून हातमोज्यांचे दोन जोड. रोज रात्री टॉर्च लावून टाचा, घोटे, बोटांच्या मधली जागा आणि बैठक पाहायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसरा दिवस पलंगावर.

आमच्या भागातल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, पट्टा. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि उंचीवरचा कमी प्राणवायू या तिन्हींनी सिकलसेलच्या वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि अशा सहलीत तिन्ही एकत्र भेटतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे. पण बाहेरून दिसत नाही, म्हणून घरात विसरतात. निघण्याआधी जाणाऱ्या प्रत्येकाची सोल्युबिलिटी चाचणी सरकारी दवाखान्यात करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर एसएस (आजार असलेला) की एएस (फक्त वाहक) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळतं. एसएस माणसाला तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फात नेऊ नका. एएस असला तरी सिस्सूच्या उंचीवर जाण्याआधी विचारा, कारण फार उंचीवर वाहकांच्याही पानथरीला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

औषधं दुप्पट घेतली आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवली. कॅथेटरचे दोन जास्तीचे संच, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि मनालीतल्या दवाखान्याचा रस्ता आधीच पाहून ठेवला. हिमाचलातही रुग्णवाहिकेसाठी १०८ लागतो.

परतताना बर्फाचं पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये राहतं. अंबाल्याच्या मुक्कामी खुर्ची उलटी करून पुसली, पुढच्या चाकांच्या आसात अडकलेले केस-धागे काढले, तेलाचे दोन थेंब सोडले. गावी आल्यावर आठवडाभर रात्रीची टॉर्च चालूच ठेवली, कारण गारठ्याने झालेली इजा आणि दाबाची जखम कधी कधी चार दिवसांनी वर येते.