उजेड पुसणारा जीन

गेले काही दिवस मी उंदराच्या एकाच जीनबद्दल वाचत बसलोय, नाव आरजीएस-९, आणि डोक्यातून जातच नाहीये म्हणून शेवटी लिहायला घेतलं. कॉलेजात जी-प्रोटीन (पेशीच्या आत सिग्नल पुढे नेणारं, स्विचसारखं चालू-बंद होणारं प्रोटीन) शिकवलं तेव्हा सगळा भर सिग्नल सुरू होण्यावर होता, बाहेरून काहीतरी येऊन रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या प्रोटीनला, चिकटलं, रिसेप्टरने जी-प्रोटीनला हलवलं, त्याने जीडीपी नावाचा छोटा रेणू सोडून त्याचाच एक फॉस्फेट जास्त असलेला भाऊ जीटीपी धरला की झालं चालू. आणि बंद कसं होतं? जीटीपी तुटून परत जीडीपी झालं की बंद, एवढी एक ओळ. १९९४ चं नोबेल गिलमन आणि रॉडबेल यांना जी-प्रोटीनसाठी मिळालं हे पाठ होतं, पण त्या एका ओळीत किती काय दडलंय ते आत्ता कळतंय.

डोळ्यातल्या रॉड पेशी घ्या, म्हणजे कमी उजेडात बघणाऱ्या. फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, रोडॉप्सिनवर (हा इथला रिसेप्टर) पडतो, रोडॉप्सिन ट्रान्सड्यूसिनला जागं करतं (हेच इथलं जी-प्रोटीन), ते पुढच्या एन्झाइमला कामाला लावतं, सीजीएमपी नावाचा निरोप्या रेणू कमी होतो, त्याच्यामुळे अंधारात उघडे असलेले चॅनल (पेशीच्या आवरणातली दारं) मिटतात आणि पुढे खबर जाते. इथवर सगळं झटपट. पण ट्रान्सड्यूसिनला एकटं सोडलं तर जीटीपी तोडायला त्याला कितीतरी सेकंद लागतात, आणि तोवर पेशी तो संपलेला उजेड सांगतच राहणार.

इथे आरजीएस-९ येतं, म्हणजे त्या जीनपासून बनणारं त्याच नावाचं प्रोटीन. बऱ्याच ठिकाणी त्याला ब्रेक म्हणतात, मला तो शब्द पटत नाही, कारण ते बाहेरून काही अडवत नाही. १९९७ मध्ये याच कुटुंबातल्या आरजीएस-४ ची रचना जी-प्रोटीनला धरलेल्या अवस्थेत समोर आली, त्यात दिसलं की आरजीएस स्वतः काही कापत नाही, जी-प्रोटीनचे हलणारे भाग कापायच्या नेमक्या स्थितीत घट्ट धरून ठेवतं फक्त. कात्री जी-प्रोटीनचीच, हे नुसता हात स्थिर करतं. आणि तेवढ्यानेच वेग इतका वाढतो!

२००० साली या जीनचा नॉकआउट उंदीर आला, म्हणजे ज्यात हा जीन मुद्दाम निकामी केलाय असा. त्याच्या रॉड पेशींवर फ्लॅश टाकला तर सिग्नल चढतो अगदी नेहमीसारखा, काहीच फरक नाही, फक्त उतरताना घोटाळा. जिथे साध्या उंदरात तो सेकंदाच्या अंशात उतरायला लागतो तिथे इथे काही सेकंद रेंगाळतो. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो कारण चढणं आणि उतरणं इतकं स्वच्छ वेगळं झालेलं क्वचितच बघायला मिळतं. मग २००६ मध्ये बरोबर उलटं केलं. आरजीएस-९ ला पेशीतल्या मेम्ब्रेनशी (पातळ आवरणाशी) बांधून ठेवणारं आरनाइनएपी नावाचं प्रोटीन आहे, ते नसेल तर आरजीएस-९ पेशीत टिकतच नाही, जीन धडधाकट असला तरी. तर ते आरनाइनएपी उंदरात जास्त बनवलं, त्याबरोबर आरजीएस-९ पण वाढलं आणि सिग्नल नेहमीपेक्षाही लवकर उतरला. म्हणजे पेशी किती पटकन मोकळी होणार हे या एका पायरीवर अडलेलं होतं.

हाच जीन मेंदूच्या स्ट्रायटम भागात थोडं लांब शेपूट असलेलं दुसरं प्रोटीन बनवतो, तिथे डोपामिन (मेंदूतलं एक रसायन) आणि ओपिऑइड (मॉर्फिनसारखी द्रव्यं) यांच्या रिसेप्टरचे सिग्नल त्याच्या ताब्यात. जीन नसलेल्या उंदरांवर मॉर्फिनचा परिणाम जास्त होतो आणि ते बंद केल्यावरचा त्रासही जास्त. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे मावणार नाही.

पण मला खरं हलवलं ते माणसांनी. २००४ मध्ये काही पेशंटमध्ये हाच जीन किंवा आरनाइनएपीचा जीन बिघडलेला सापडला, आजाराला नाव दिलं ब्रॅडिओप्सिया, ग्रीकमध्ये ब्रॅडी म्हणजे हळू. अंधारातून एकदम उजेडात आलं की या लोकांना काही सेकंद दिसतच नाही, आणि हलणाऱ्या गोष्टी, विशेषतः अंगावर येणारा बॉल, नीट दिसत नाही. डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासला तर नॉर्मल, तक्त्यावरची अक्षरं बऱ्यापैकी वाचता येतात. विचार करा, एखादं मूल सांगतंय की बॉल दिसला नाही आणि तपासणीत काहीच सापडत नाही, कोण विश्वास ठेवणार त्याच्यावर? पडद्याची विद्युत तपासणी करताना दोन फ्लॅश लागोपाठ दिले तर दुसऱ्याला प्रतिसाद जेमतेम मिळतो, मध्ये पुरेसा वेळ सोडला की दुसराही व्यवस्थित येतो. फ्लॅशमधलं अंतर कमीजास्त करून बघितलं नाही तर हा आजार निसटू शकतो.