२०२४ च्या नियमांकडे, नोंद ६ : मुक्या वर्तुळातला स्माइट

आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा ग्रुप २०१४ च्या नियमांवरून २०२४ च्या नियमांवर चाललाय. रविवारी आमच्या पॅलाडिनला (शपथ घेतलेला योद्धा) नॅट २०, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर थेट वीस, पडला आणि त्याला स्माइट (फटक्यावर दैवी जादूचा जादा मार) करता आला नाही. पाच दिवस झाले, विषय डोक्यातून जात नाहीये. ड्रुइडला (निसर्गाची जादू करणारं पात्र) नव्या नियमांत आणायची नोंद या वेळी टाकणार होतो, ती आता पुढच्या खेपेला.

तळ्याखालचं मंदिर मागच्या दोन नोंदींत आलंच आहे. शेवटच्या दालनात पुजारी-जादूगार होता. पार्टीनं आपला ठरलेला डाव टाकला: क्लेरिकनं (देवाची जादू करणारं पात्र) जादूगारावर सायलेन्स हा स्पेल टाकायचा, २० फुटांच्या त्या गोलात त्याची वाचा बंद, आणि पॅलाडिननं आत घुसून स्माइट करत त्याला संपवायचं. २०१९ मध्ये कॅम्पेन सुरू झाल्यापासून हा डाव त्यांनी कितीदा तरी खेळलाय. पॅलाडिन घुसला, पहिलाच फटका क्रिट, म्हणजे माराचे फासे दुप्पट. त्यानं मुठीत डी८ (आठ बाजूंचे फासे) गोळा केले, तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (जादूच्या मोजक्या साठ्यातला एक) जाहीर केला, आणि खेळ चालवणारा डीएम म्हणून मी पुस्तकात बघितलं. २०२४ च्या नियमांत डिव्हाइन स्माइट हा स्पेल आहे, जुन्यात नव्हता. घटक: व्हर्बल. म्हणजे तोंडातून शब्द फुटल्याशिवाय स्माइट नाही, आणि सायलेन्समध्ये शब्द फुटत नाही.

मी नियम वाचून दाखवला. त्यानं फासे परत डबीत ठेवले. पुढच्या पाळीला जादूगार चालत गोलाबाहेर निघाला. पॅलाडिनचा ऑपॉर्च्युनिटी ॲटॅक (शत्रू निसटताना मिळणारा फटका) लागलाही, पण गोल नसता तरी तिथे स्माइट बसला नसता, कारण आता स्माइटला बोनस ॲक्शन (पाळीतली एक जादा छोटी कृती) लागते आणि ती फक्त स्वतःच्या पाळीत मिळते. बाहेर पडल्या पडल्या जादूगार डायमेन्शन डोअर या क्षणात दूर नेणाऱ्या स्पेलनं पसार. जुन्या नियमानं त्या क्रिटवर एकट्या स्माइटचे ८डी८, सरासरी ३६ बसले असते आणि तो तिथेच आडवा झाला असता. सेशन आवरताना कुणी फार बोललं नाही.

आमचे क्लेरिक म्हणजे टेबलावरचे दादा, खेळाच्या ३.५ आवृत्तीपासून खेळतायत. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा त्यांचा हॉस्टेलचा ग्रुप फुटला, अर्धे जण पुढच्याच वर्षी पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाकडे गेले, आणि त्यातल्या दोघांशी त्यांचं खेळणं पुन्हा कधी जुळलं नाही. म्हणून त्यांचा आग्रह असतो, "नवा नियम आधी तीन सेशन आहे तसा खेळ. मग त्याला हात लाव." आजवर मी हे पाळत आलोय. या वेळी एका सेशनमध्येच मोडलं, आणि मोडायला हवं होतं असंच मला वाटतं. नियम अवघड असेल तर तीन सेशनमध्ये अंगवळणी पडतो. इथे पाच वर्षांचा डाव एका अक्षरानं बाद होत होता.

तरी आधी वही घेऊन बसलो, कारण स्माइट कमजोर केला ही ओरड खरी आहे का ते बघायचं होतं. अकराव्या लेव्हलच्या पॅलाडिनकडे ४, ३, ३ असे दहा स्लॉट. सगळे स्माइटवर उडवले तर जुन्या नियमानं दिवसभरात २९डी८. नव्यात रोजचा एक फुकट स्माइट मिळतो, म्हणजे ३१डी८. बेरीज कमी झालेलीच नाही, उलट दोन फासे वाढलेत! मग टोचतंय कुठे? पूर्वी पाळीत दोन फटके लागले तर दोन स्माइट बसायचे. आता पाळीला एकच. चार राउंडची एकच लढाई धरली आणि सगळे फटके लागले असं मानलं, तर जुन्यात मोठ्या स्लॉटांपासून सुरू करून आठ स्माइट म्हणजे २५डी८. नव्यात चार म्हणजे १५डी८. दहा डी८ चा फरक, सरासरी ४५.

आणि आमच्या टेबलावर बहुतेक दिवस एकाच लढाईचे असतात. रविवारी चार तास मिळतात, त्यात एक मोठी मारामारी आणि लगेच लाँग रेस्ट (सगळे स्लॉट परत देणारी विश्रांती). २०१४ च्या डीएम गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ चकमकी गृहीत होत्या, मी कधी तीनच्या वर गेलो नाही. नियमानं माझी ही सवय उघडी पाडली. त्यामुळे पाळीला एकच स्माइट हा भाग मी तसाच ठेवणार. खरी अडचण आवाजाची आहे.

बुधवारी पॅलाडिनवाला मित्र घरी आला, तीच लढाई आम्ही तीनदा खेळलो. पहिल्यांदा स्माइटला स्पेलमधून काढलं, बोनस ॲक्शन नाही, फक्त पाळीला एक. हे फार सैल झालं, कारण ले ऑन हँड्स (पॅलाडिनचा स्पर्शानं उपचार) आता बोनस ॲक्शनवर आलंय आणि तो दर पाळीला स्माइटही मारत होता, विझर्डला उठवतही होता. दुसऱ्यांदा सगळं पुस्तकाप्रमाणे. यात एक सुंदर गोष्ट हाती लागली. त्याच्या डिव्होशन शपथेचं सेक्रेड वेपन (शस्त्र उजळवणारी ताकद) आधी अख्खी ॲक्शन खायचं, आता ॲटॅक ॲक्शनसोबतच पेटतं आणि एका मिनिटाऐवजी दहा मिनिटं टिकतं. आम्ही दोघांनीही ते वापरणं सोडून दिलं होतं. पहिल्याच पाळीला तलवार उजळली तेव्हा तो खुर्चीतून उठला. बोनस ॲक्शनवर स्माइट की उपचार, हे निवडणंही त्याला आवडलं. "यात विचार करावा लागतो," म्हणाला.

तिसऱ्यांदा सगळं पुस्तकाचं, फक्त स्माइटचा व्हर्बल घटक काढला. सायलेन्समध्ये स्माइट लागला. लढाई पाच राउंड चालली, जादूगार मेला, आणि ओढून ताणून केलंय असं कुठे वाटलं नाही.

इतकं लिहून झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. नवं काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल) लागायला समोरच्याच्या स्पेलमध्ये व्हर्बल, सोमॅटिक (हातवारे) किंवा मटेरियल (वस्तू) यातला एखादा घटक लागतो. स्माइटमध्ये व्हर्बल सोडून काहीच नाही. तो काढला की काउंटरस्पेलही लागू होत नाही. आधी धस्स झालं. पण जुन्या नियमातही स्माइट काउंटर होत नव्हताच, म्हणजे पार्टीला जे आधीपासून होतं तेच परत मिळतंय. राहू दे.

कारण गोष्टीतूनच यायला हवं, म्हणून पहिली वही काढली. तिसऱ्या लेव्हलला त्यानं शपथ घेतली तो सेशन मी जवळजवळ शब्दशः उतरवून ठेवलाय. पूर आलेल्या घाटावर, अख्ख्या गावासमोर, मोठ्यानं. मग ठरलं: शपथ एकदा बोलून झालीय, देवाला ती पुन्हा ऐकवावी लागत नाही. हे मी त्याला आधी सांगणार नाहीये.

दोन किरकोळ गोष्टी. एसआरडी ५.२ (नव्या नियमांचा खुला संच) कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून घेतली. क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, त्यामुळे बिनधास्त छापा, पण ८० जीएसएम कागद मागा, ७० वर मागची शाई दिसते. पॅलाडिनची डिव्होशन शपथ त्यात आहे हे आमचं नशीब, दर क्लासला (पात्राचा प्रकार) एकच सबक्लास (उपप्रकार) दिलाय. जुनी ५.१ जानेवारी २०२३ मध्ये ओजीएल या जुन्या परवान्यावरून झालेल्या गदारोळानंतर याच परवान्याखाली आली, तीही शेजारी ठेवलीय. दुसरं, ऑनलाइन मागवलेले रेझिनचे फासे परत केले. समतोल बघायला डी२० मिठाच्या पाण्यात सोडला की सारखा तोच आकडा वर यायचा. साधे ॲक्रिलिकचे घ्या.

पुढचा बेतही बदललाय. मंदिरानंतर लगेच लाँग रेस्ट द्यायची होती, आता नाही. जादूगार पळालाय तर तो पहारेकरी जागे करणारच. बाहेर पडेपर्यंत तीन छोट्या चकमकी, मध्ये फक्त शॉर्ट रेस्ट, म्हणजे ते दहा स्लॉट खऱ्या अर्थानं पुरवून वापरावे लागतील. ड्रुइड तळ्यातून वर येईपर्यंत २०१४ च्या नियमांवरच राहील, तिला विचारलंय, चालेल म्हणाली. दादांना बदल सांगितला. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "रविवारी सायलेन्स तयार ठेवतो."