व्यंकटी

परवा दुपारी लिफ्टची वाट बघत उभा होतो. समोरच्या फलकावर सोसायटीच्या आनंदमेळाव्याचा कागद डकवलेला होता. 'रविवारी सायंकाळी खाद्यपदार्थांची मांदियाळी!' खाली मिसळ, मोमो, उकडीचे मोदक. लिफ्ट आली, गेली, मी तिथेच.

'वर्षत सकळ मंगळीं, ईश्वरनिष्ठांची मांदियाळी.' 1290 साली, नेवाशात, ज्ञानेश्वरी संपता संपता हिच्या वाट्याला ईश्वरनिष्ठ आले होते. आता बातम्यांत पुढाऱ्यांची मांदियाळी असते, संमेलनात कवींची आणि आमच्याकडे मोमोंची. तक्रार नाही. बाई घराबाहेर पडली, चार ठिकाणी हिंडते, चार लोक ओळखतात. बरंच झालं.

पण तिच्याच घरातली व्यंकटी? ती उंबरा ओलांडून कधी बाहेर आलीच नाही. 'काय रे ही तुझी व्यंकटी!' असं कुणी कुणाला म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. तिचा पत्ता एकच: 'जे खळांची व्यंकटी सांडो.'

आमच्या घरी मात्र ती रोज वापरात होती. त्याचं असं झालं. आजीची नऊवारी सुती लुगडी, आणि त्यांना दर रविवारी खळ. मैदा पाण्यात कालवून जर्मनच्या पातेलीत मंद आचेवर ठेवायचा आणि गुठळी होऊ नये म्हणून ढवळत बसायचं. ढवळायचं काम माझ्याकडे. खळ पारदर्शक होत आली की तिला एक ऊन ऊन, किंचित आंबूस वास यायचा. अजूनही नव्या पुस्तकाचा डिंक हुंगला की मला तो आठवतो, आणि मी दुकानात पुस्तकं हुंगत उभा राहतो, ते वेगळं.

तर शाळेत पसायदान सुरू झालं आणि दुसऱ्याच कडव्यात मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. खळ म्हणजे अर्थातच लुगड्याची खळ. ती सांडते. मग व्यंकटी म्हणजे पातेली, दुसरं काय असणार? ज्ञानेश्वरांनी देवाकडे खळ सांडायचं मागणं का मागावं, हा प्रश्न पडला नाही. मोठी माणसं देवाकडे काहीही मागत असतात.

एका रविवारी माझ्याच कोपराचा धक्का लागला. सगळी खळ चुलीपासून मोरीपर्यंत. आजी धावत आली. "मेल्या, काय केलंस हे?"

"व्यंकटी सांडली," मी म्हणालो.

आजीचा हात वर उचललेला तसाच राहिला. तिला कळायला क्षणभर लागलं आणि मग ती पदर तोंडाला लावून खाली बसली ती हसतच राहिली. धपाटा नंतर आईकडून मिळाला, तो भाग सोडा. त्या दिवसापासून ती पातेली व्यंकटी झाली. "व्यंकटी घासलीस का गं?" हे वाक्य आमच्याकडे सहज चालायचं. पाहुणे गोंधळायचे.

पुढे सातवीत गुरुजींनी अर्थ सांगितला. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. दुष्टांचा नाश नव्हे, त्यांचा वाकडेपणा जावो. फार मोठा अर्थ आहे, मान्य. मला पातेली गेल्याचं वाईट वाटलं.

तेव्हापासून असे शब्द मी शक्यतो कोशात बघत नाही. मोल्सवर्थचा 1857 सालचा कोश आता फोनवर उघडतो, पण कोशातला शब्द आधारकार्डावरच्या फोटोसारखा दिसतो. असतो तोच, पण ओळखू येत नाही. शंकराच्या आरतीतलं 'लवथवती' घ्या. अर्धी आळी 'लवलवती विक्राळा' म्हणते. गणपतीत मी त्या ओळीची वाट बघत टाळ धरून उभा असतो आणि 'थ' आला की मुद्दाम आवाज चढवतो. बायको दरवर्षी कोपर मारते. अहो, पण त्या 'थ'मध्येच तर सगळं थरथरतंय!

लिफ्ट परत आली. आतून शेजारचा आरव किंचाळत बाहेर पडला. 'चला कल्पतरूंचे आरव.' तिथे आरव म्हणजे बाग. संस्कृतात मात्र आवाज, आरडाओरडा. त्याच्या आईने नाव ठेवताना मला विचारलं होतं. मी म्हणालो, "सुंदर आहे, ठेवा." दोन्ही अर्थांनी खरं निघालं.

घरी आल्यावर भावाचा फोन. गावचं घर आवरतोय. "आजीची व्यंकटी सापडली माळ्यावर. बुड पार पोचलंय. टाकून देऊ?"

सांडणे म्हणजे टाकून देणेच की, हे तेव्हा लक्षात आलं.

"नको," म्हटलं, "असू दे."

"अरे, भोक पडलंय तिला."

"असू दे रे."